चिच कोठी गेली?

आजीने लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाबू, चिच कोठी गेली?"

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून घरी आलो होतो. सहा महिने रात्री जागून आणि शनिवार-रविवार घालवून केलेलं एक काम तिला दाखवत होतो. आमच्या जुन्या गावाचं थ्रीडी मॉडेल. घरं, गल्ल्या, शाळा, मारुतीचं देऊळ, नदीचा घाट, घाटाकडे उतरणारी वाट. माउस फिरवला की गाव फिरायचं, झूम केलं की कवेलूंच्या रांगा दिसायच्या. ऑफिसमध्ये पगारासाठी जे करतो त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं झालंय, असं मला वाटत होतं.

"कोणती चिंच?" मी विचारलं.

"आपल्या घरामांगची. एवढी मोठी चिच तुले दिसली नाई?"

मी तिला समजावलं, की गूगल अर्थवर मागे जाऊन जुने उपग्रह-फोटो बघता येतात, त्यावरून मी हे केलंय आणि त्या फोटोत तिथे झाड दिसत नाही. खरं सांगायचं तर त्या फोटोत धड काहीच दिसत नाही. आमचं अख्खं घर म्हणजे करड्या-तपकिरी रंगाचे पंधरा-वीस ठिपके. पण त्या ठिपक्यांवरून मी भिंती मोजल्या होत्या, छपरांचे उतार काढले होते. चिंचेचे ठिपके मला सापडले नव्हते.

आजी गप्प बसली. तिला खूश करायला मी माझा सगळ्यात आवडता भाग दाखवला. मॉडेलमध्ये मी एक निळं, अर्धपारदर्शक प्रतल ठेवलं होतं आणि ते वरखाली करणारा एक स्लायडर. तो मी हळूहळू वर नेला. आधी घाट गेला, मग वाट, मग शाळेच्या खिडक्या. गोसीखुर्दच्या जलाशयाची पूर्ण पातळी २४५.५ मीटर. स्लायडर तिथपर्यंत आला तेव्हा गावात फक्त देवळाचं टोक उरलं होतं.

आजीने लॅपटॉपचं झाकण लावलं. रागाने नाही, आपण जेवण झाकून ठेवतो तसं. आणि उठून आत गेली.

*

गोसीखुर्द हे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं वैनगंगेकाठचं गाव. २२ एप्रिल १९८८ ला तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिथे धरणाचं भूमिपूजन झालं. कागदोपत्री नाव इंदिरासागर, पण सगळे गोसीखुर्दच म्हणतात. ३३ दरवाजे, अकरा किलोमीटरहून लांब भिंत, सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मित्रांना हे आकडे पाठ असतात. आमच्या घरात ते कुणी बोलत नाही.

भूमिपूजन झालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी लहान असताना 'गाव उठणार' हे वाक्य 'पाऊस येणार' या वाक्यासारखं होतं. सगळे म्हणायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. घराची डागडुजी करायची नाही, कारण गाव उठणार. संडास बांधायचा नाही, कारण गाव उठणार. मुलीची सोयरीक मात्र करायची, कारण गाव उठेल तेव्हा उठेल. मी नववीत असताना ते एकदाचं उठलं.

सिनेमात दाखवतात तसं पाणी एका रात्रीत आलं नाही. पातळी टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. लोकांना वेळ मिळाला आणि त्या वेळात लोकांनी आपली घरं आपल्याच हाताने पाडली. दारं, चौकटी, खिडक्यांचे गज, कवेलू, लाकडी खांब, जे निघेल ते काढलं आणि ट्रॅक्टरवर घातलं. पाणी आलं तेव्हा बुडायला फक्त मातीच्या भिंती उरल्या होत्या. म्हणजे माझ्या स्लायडरमध्ये बुडणारं गाव तसं कधी बुडालंच नाही. हे मला माहीत होतं. तरी मी स्लायडर केला, कारण तो छान दिसत होता.

आता आम्ही ज्या ठिकाणी राहतो त्याला आमच्याकडे 'पुनर्वसन' म्हणतात. "कुठे राहता?" "पुनर्वसनात." सरळ रस्ते, सारखे प्लॉट, प्रत्येकाला नंबर. माझ्यासारख्या ग्रिडवर जगणाऱ्या माणसाला ते आवडायला हवं. पण आजी अजूनही शेजारणीकडे जाताना प्लॉटच्या मागून, पायवाट असल्यासारखी जाते.

*

चिंच मला लागली. म्हणजे जिव्हारी लागली. पुण्याला परतल्यावर मी ठरवलं, की झाड घालायचं, पण चांगलं घालायचं. तयार मिळणारी थ्रीडी झाडं परदेशी दिसतात. चिंचेची पानं एवढी बारीक, की एकेक पान काढण्यात अर्थ नाही. पानांऐवजी ठिपके टाकले आणि लांबून ते पानांसारखे दिसले तर? ठिपक्यांनी झाड कसं रंगवतात हे शोधताना जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकारापर्यंत पोचलो, आणि त्याच्या चित्रावरून एका नाटकापर्यंत.

चित्राचं नाव 'ग्रांद जात बेटावरची रविवार दुपार'. तुम्ही ते पाहिलेलं असणार, मगवर, टी-शर्टवर किंवा मीममध्ये. पॅरिसजवळ सेन नदीतलं एक बेट. नदीकाठी हिरवळ, छत्र्या घेतलेल्या बायका, उंच टोप्या घातलेले पुरुष, कुत्रे, होड्या, दोरीला बांधलेलं एक माकड. पन्नासेक माणसं आणि कुणीही कुणाकडे बघत नाही. मधोमध पांढऱ्या फ्रॉकमधली एक लहान मुलगी तेवढी सरळ आपल्याकडे बघते. १८८४ ते १८८६ अशी दोन वर्षं सरा या चित्रावर होता. मूळ चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

सराने रंग पॅलेटवर फारसे मिसळले नाहीत. वेगवेगळ्या रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवले. मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडलं. ही कल्पना त्याने शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडून उचलली होती. शेव्हरल पॅरिसच्या गोब्लां विणकामशाळेत रंगविभागाचा प्रमुख होता. काही धाग्यांचा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की दोष रंगात नाही, शेजारच्या धाग्यात आहे. शेजार बदलला की रंग बदलतो. आंधळगावात कोसा विणणाऱ्या कुणालाही हे सांगितलं, तर तो म्हणेल यात नवीन काय. आणि तुमच्या हातातला फोन लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांवर हेच करतो आहे.

आणखी एक गोष्ट वाचली. सराने वापरलेला एक पिवळा रंग, झिंक यलो, टिकला नाही. काही वर्षांतच त्याचे ठिपके तपकिरी पडले. उन्हातली हिरवळ त्याला जशी दिसली होती तशी आज कुणीच बघू शकत नाही. बेट सोडा, बेटाच्या चित्रालाही त्याचा मूळ रविवार टिकवता आला नाही.

*

नाटकाचं नाव 'संडे इन द पार्क विथ जॉर्ज'. संगीत आणि गीतं स्टीफन सॉण्डहाइमची, संहिता आणि दिग्दर्शन जेम्स लपाइनचं. मे १९८४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या बूथ थिएटरमध्ये ब्रॉडवेवर आलं आणि १९८५ मध्ये त्याला नाटकासाठीचं पुलित्झर मिळालं. हे दोघं चित्राची प्रत समोर ठेवून बसले होते आणि लपाइन म्हणाला, की यात मुख्य माणूसच नाही, चित्रकार. तिथून नाटक सुरू झालं. मूळ संचातल्या प्रयोगाचं चित्रण झालेलं आहे. मॅण्डी पटिंकिन जॉर्ज झालाय आणि बर्नाडेट पीटर्स त्याची प्रेयसी डॉट. डॉट म्हणजे ठिपका. खऱ्या सराची मादलेन क्नोब्लोक नावाची जोडीदार होती. तिचं आणि मुलाचं अस्तित्व त्याने घरच्यांपासून जवळजवळ शेवटपर्यंत लपवलं. १८९१ मध्ये तो गेला तेव्हा ३१ वर्षांचा होता. डॉट ही मात्र नाटककाराने रचलेली बाई आहे.

मी ते चित्रण पुण्यातल्या खोलीत, हेडफोन लावून, रात्री साडेअकराला सुरू केलं. झाडाचं तंत्र मिळतंय का एवढंच बघायचं होतं.

सुरुवातीला रंगमंच पांढराशुभ्र असतो. जॉर्ज हातात वही घेऊन बसतो आणि तो बोलेल तसं बेट तयार होत जातं. झाडं सपाट कटआउटची. वरून उतरतात, बाजूने सरकत येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळे लेयर. एका शिपायाचा सोबतीसुद्धा पुठ्ठ्याचा कटआउट आहे, आणि दुसरा शिपाई त्याच्याशी जिवंत माणसासारखा बोलतो. मी हसत होतो. मग जॉर्जला एक झाड नकोसं होतं. तो ते वहीतून काढून टाकतो आणि रंगमंचावरचं झाड सरकत विंगेत निघून जातं. नेमकी तेव्हाच एक म्हातारी येते. ती रोज त्या झाडाखाली बसणारी आहे. ती इकडेतिकडे बघते आणि नर्सला विचारते, की ते झाड कुठं गेलं?

मी पॉज केलं.

म्हातारी जॉर्जची आई आहे, हे नंतर कळतं. पुढे एका प्रसंगात ती मुलाशेजारी बसून कुरकुरते. सगळं बदलतंय, झाडं जाताहेत, पलीकडे मनोरा उभा राहतोय. जॉर्ज म्हणतो, की बदलतंय तेही सुंदर आहे. शेवटी ती त्याला सांगते, हे सगळं नाहीसं होण्याआधी काढून ठेव. ज्या मुलाने तिचं झाड खोडून टाकलं, त्यालाच सांगते.

रात्री दोनपर्यंत मी ते बघितलं. झाडाचं तंत्र काही मिळालं नाही.

*

चित्र आणि नाटक यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे, पण प्रवास बहुतेक उलटा झाला. आधी नाटक, मग चित्र. पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी राजा रविवर्म्याची शकुंतला कालिदासाच्या नाटकातून आली. मराठीत तीच शकुंतला अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात संगीत करून उभी केली. शिवाय आपले चित्रकार नाटकाच्या मागे उभे होते, अगदी शब्दशः. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. 'पेंटर' ही पदवी नव्हती, धंदा होता. तो आडनाव होऊन बसला.

आमच्याकडे हे पडदे मी लहानपणी बघितले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक. मंडळं बहुतेक वडशाची. गावातल्या लेकी-जावई येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. २०२३ मध्ये गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या मित्रांनी मला विचारलं, "हे झाडीपट्टी काय असतं रे?" मला सांगताच येईना. मी म्हणालो, "जाम थंडी असते."

आमच्या गावच्या मंडईत मंच घाटाकडच्या मोकळ्या जागेत बांधायचे. मागे पडदे. महालाचा, जंगलाचा, रस्त्याचा आणि नदीचा. नदीच्या पडद्यावर निळं पाणी, एक देऊळ आणि दोन नारळाची झाडं होती. आजी दरवर्षी तो पडदा लागला की मला कोपराने ढोसून सांगायची, "हा पाय, आपला घाट."

मी पाचवी-सहावीत असेन. मी एकदा म्हणालो, "आजी, आपल्या घाटावर नारळ कुठंय?" आख्ख्या पंचक्रोशीत नारळ नव्हता. आजी म्हणाली, "तू झाडं पाय नोको. नाटक पाय."

सराचं नाटक बघून झाल्यावर त्या रात्री मला हे आठवलं. दोन नारळ असलेला, कुठल्या तरी पेंटरने कुठे तरी बसून रंगवलेला पडदा तिने आपला घाट म्हणून सहज घेतला. आणि मीटरच्या हिशोबात बरोबर असलेलं माझं गाव तिला एका चिंचेसाठी चाललं नाही. असं का?

पडद्यासमोर माणसं उभी असायची, हे मला सुचलेलं पहिलं उत्तर. भावाने भावाला घराबाहेर काढलं, आईने पदराने डोळे पुसले, कुणीतरी गाणं म्हटलं. ते सगळं त्या पाण्यासमोर घडलं की पाणी वैनगंगेचं होऊन जायचं. माझ्या गावात एकही माणूस नव्हता. मी कवेलू मोजले होते.

*

आता नाटकाचा पहिला अंक कसा संपतो ते सांगतो, कारण पुढचं त्यावरच उभं आहे.

चित्रात जी माणसं शांत दिसतात ती नाटकात सतत भांडत असतात. नोकर आणि मालक, नवरा आणि बायको, दोघी मैत्रिणी, कुरकुरणारा नावाडी. डॉटसुद्धा जॉर्जला सोडून बेकरीवाल्या लुईकडे गेलेली असते. जॉर्ज टोपी रंगवत बसला आणि बाई निघून गेली. शेवटी बेटावर सगळ्यांचं एकदमच भांडण पेटतं, आरडाओरडा होतो. जॉर्ज त्यांना थांबवतो आणि एकेकाचा हात धरून जागेवर नेतो. तू इथे, छत्री अशी, तू नदीकडे बघ. हळूहळू भांडणारी माणसं चित्र होतात. अगदी शेवटच्या क्षणी तो धावत जातो आणि एका लहान मुलीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतो. चित्रात चष्मा बसत नाही म्हणून.

मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. पण मग दुसरा अंक सुरू होतो आणि तीच माणसं त्याच जागी, त्याच पोझमध्ये उभी राहून तक्रार करतात. गरम होतंय. हा माणूस माझ्या शेजारी कशाला ठेवलाय? चष्मा परत द्या. कायमचं सुंदर व्हायचं का, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तिथून नाटक शंभर वर्षं पुढे उडी मारतं. डॉटची मुलगी मरी अमेरिकेत ९८ वर्षांची झाली आहे आणि व्हीलचेअरवर आहे. तिचा नातू, त्याचंही नाव जॉर्ज, प्रकाश आणि यंत्रांची कला करतो. 'क्रोमोल्यूम' नावाच्या यंत्राचे तो एकामागून एक अवतार बनवतो आहे आणि आपण तेच ते करतोय हे त्याला कळतं आहे. आजी गेल्यावर तो ग्रांद जात बेटावर जातो. तिथे इमारती झाल्या आहेत. जुन्यातलं एखादं झाड उरलं आहे. त्याच्या हातात डॉट ज्यावरून लिहायला शिकली ते लाल पुस्तक आहे. त्याच्या मागच्या पानांवर तिने जॉर्जचे, काम करताना तो पुटपुटायचा ते शब्द लिहून ठेवले आहेत.

हा दुसरा अंक पुष्कळांना पहिल्याइतका आवडत नाही. मला तो आमच्या घरासारखा वाटला. चित्र पूर्ण झाल्यावर, गाव उठल्यावर, उरलेल्या माणसांचं काय होतं त्याबद्दल तो आहे.

*

आमच्या घरात उरलेल्यांचं हे झालं. बाबा आणि मोठे बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. मोबदल्याचे कागद व्हायच्या सुमाराला दोघांत वाटणी झाली, कुणाच्या नावावर किती यावरून बोलणं वाढलं आणि जुन्या घराच्या अंगणात मधोमध विटांची भिंत उभी राहिली. जे घर वर्ष-दीड वर्षात पाण्यात जाणार होतं, त्याच्या अंगणात. विटा विकत आणल्या होत्या. गवंडी बाहेरगावचा बोलावला, कारण गावातल्या गवंड्याने ती भिंत बांधायला नकार दिला. पुनर्वसनात दोघांचे प्लॉट दोन टोकांना आहेत. मोठी आई सणाला चोरून डबा पाठवते, दादा आणि मी व्हॉट्सॲपवर बोलतो. दोघे भाऊ मंडईच्या नाटकाला समोरासमोर आले तरी मंचाकडे बघतात.

माझ्या मॉडेलमध्ये ती भिंत होती. का नसेल? उपग्रहाच्या शेवटच्या फोटोत ती स्पष्ट दिसते. धूसर छपरांच्या मधोमध एक सरळ, नवी, लालसर रेघ. आख्ख्या घरातली सगळ्यात नेमकी गोष्ट तीच. चिंच नव्हती आणि भिंत होती. आजीने त्या दिवशी झाकण का लावलं, ते स्लायडरमुळेच असेल असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

उन्हाळ्यात मी पुन्हा घरी गेलो. दुपारी आजीजवळ बसून आधी तिला नाटकाचा पहिला अंक संपतो तो प्रसंग दाखवला. भाषा इंग्रजी, पण तिचं अडलं नाही. ती म्हणाली, "हे कोनतं मंडळ? वडशाचं तं नाई दिसत." मग भांडण सुरू झालं तेव्हा पुढे सरकून बसली. सगळे जागेवर गेले, चित्र झालं, गाणं संपलं. मी तिच्याकडे बघत होतो.

"बरा पडदा हाये," ती म्हणाली. "पन त्या पोरीचा चष्मा कायले काढला? तिले दिसन का?"

मग मी मॉडेल उघडलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. म्हणालो, "आता तू सांग. मी करतो."

पुढचे चार दिवस मी तिचा ऑपरेटर होतो. आधी चिंच. मी ती घरामागे ठेवली, तिने डावीकडे सरकवायला लावली, मग अजून डावीकडे. माझ्या मापाने ती आता शेजाऱ्याच्या गोठ्यात उभी होती. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "सावली आपल्या अंगनात पडे, मंग ते आपलीच." मग घाटावर ढिवरांचा डोंगा. नदीच्या वाळूत उन्हाळ्यात लावायचे ती डांगरवाडी, आणि तिच्यात राखणीची झोपडी. माणसं काढायला मला जमत नाहीत, म्हणून मी सराकडून उधार घेतलं आणि नुसते ठिपक्यांचे उभे आकार केले. तिला ते पुरले. कोण कुठे बसायचं ते तिने सांगितलं. त्यातली निम्मी माणसं एकाच काळातली नव्हती. पणजी आणि मी एकाच ओट्यावर होतो. ती माझ्या जन्माआधी वारली.

हे खोटं आहे, हे मला कळत होतं. सरानेही बेटावर अनेकदा जाऊन छोटी छोटी चित्रं केली, पन्नासहून जास्त, आणि मग स्टुडिओत बसून त्यांतली माणसं हलवली, काही काढली, काही ठेवली. कुठल्याही एका रविवारी ती सगळी माणसं तिथे नव्हती. पण तो स्वतःच्या मनासारखं हलवत होता आणि ज्यांना हलवलं त्यांनी दुसऱ्या अंकात तक्रार केली. आमच्याकडे हलवणारी बाई स्वतः चित्रात बसलेली होती. मला तरी हा फरक मोठा वाटला.

चौथ्या दिवशी ती अंगणापाशी आली.

"हे काढ."

भिंत सिलेक्ट करायला एक क्लिक लागते, काढायला एक बटण. मी थांबलो. चिंच तीसेक फूट इकडे-तिकडे झाली तर कुणाचं काही जात नाही. भिंत खरी होती. ती बांधताना बाबा रात्रभर जागे होते, मी बघितलं होतं. ती काढून टाकायची म्हणजे त्या मुलीचा चष्मा काढण्यासारखं झालं. चित्र छान होईल, पण ज्याला दिसत होतं त्याला दिसेनासं होईल. मी आजीला म्हणालो, की बाबांना विचारू या का?

"मी तिच्या पहिले पासून हावो," ती म्हणाली. "घर माहं हाये."

मी भिंत काढली.

संध्याकाळी बाबा शेतावरून आले. आता शेत लांब आहे, मोटरसायकलने जावं लागतं. आजीने त्यांना बोलावलं, "पाय, तुया पोरानं का केलन." ते हात न धुताच खुर्चीच्या मागे उभे राहिले. मी गाव फिरवलं. शाळा, देऊळ, घाट. बाबा काही बोलले नाहीत. घरापाशी आलो, चिंच ओलांडली, अंगणात उतरलो.

बाबा वाकले. त्यांनी आजीसारखंच स्क्रीनवर बोट ठेवलं.

"भित कोठी गेली?"

मी आजीकडे बघितलं. ती वाटीतले भुईमुगाचे दाणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पान्यात गेली."

बाबा बराच वेळ तसेच वाकून उभे होते. मग त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, की ढोरांना पाणी प्यायची टाकी या बाजूला नव्हती, मोठ्या बाबांच्या दाराकडे होती. जरा तिकडे घे.

मी घेतली.